पूर ओसरल्यावरची प्रवेशबंदी: दोरी बांधायच्या आधी कागद कसा करायचा

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून गेलं की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. घोळ होतो तो पाणी उतरायला लागल्यावर. माणसं घराकडे धावतात, पाहुणे पूर 'बघायला' येतात, मदतीचे टेम्पो रांगेत लागतात आणि गावाच्या तोंडाशी कुणीतरी दोरी बांधलेली असते. ती कुणी बांधली, कुठल्या अधिकारात, कधीपर्यंत, कुणाला सोडायचं, यातलं एकही उत्तर तिथं उभ्या असलेल्या होमगार्डला देता येत नाही. दुधाचे कॅन घेऊन आलेला माणूस आणि रील काढायला आलेली पोरं यांना तो एकाच मापाने मोजतो. कॅनवाला अडकतो, पोरं उसातून वळसा घालून आत जातात.

महसूल खात्यात आदेशांचे मसुदे करण्यात माझी बरीच वर्षं गेली. २००५, २०१९, २०२१ या प्रत्येक पुरानंतर त्याच पाच-सहा चुका पाहिल्या, त्यातल्या एक-दोन माझ्याच हातच्या. हा लेख सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील आणि मदतीला धावणाऱ्या मंडळांसाठी आहे. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी; गावात अजून जुनीच नावं चालतात, मीही तीच वापरतो.) ज्याच्या घरावर बंदी आली त्या घरमालकालाही यातले टप्पे ५ आणि ८ उपयोगी पडतील.

एक गोष्ट आधीच सांगतो. ग्रामपंचायतीच्या ठरावाने कुणाची वाट कायदेशीरपणे बंद होत नाही. करोनाच्या वेळी गावोगाव 'गावबंदी'चे फलक लागले आणि तेव्हापासून अनेक सरपंचांचा समज झाला की ठराव केला की झालं. ठराव ही मागणी आहे, आदेश नव्हे.

## टप्पा १ : आधी हद्द, मग कलम

बहुतेक जण उलट करतात. आधी कलम शोधतात, मग 'सदर गाव परिसर' असं लिहून मोकळे होतात. 'परिसर' या शब्दाइतकं नुकसान दुसऱ्या कुठल्या शब्दाने केलेलं मी पाहिलं नाही. परिसर म्हणजे नदीकाठची आळी, की चावडीपर्यंत, की हायवेच्या फाट्यापर्यंत?

पाणी उतरल्यावर पहिल्या उजेडात तलाठी, पोलीस पाटील, बांधकाम खात्याचा कनिष्ठ अभियंता आणि महावितरणचा वायरमन या चौघांनी एकत्र फिरावं. हातात गावठाणाचा नकाशा, नसेल तर वहीच्या पानावर काढलेला. फिरताना तीन पट्टे करा:

१. पूर्ण बंद : जिथे आत गेलेल्या माणसाच्या जिवाला धोका आहे.
२. अटीवर खुला : जिथे घरमालकाला ठरलेल्या वेळेत, सोबत कुणी असताना जाता येईल.
३. खुला : बाकी सगळं. हा पट्टा लेखी नोंदवायचाच, कारण तो नोंदवला नाही की पोलीस सगळंच बंद धरतात.

पट्टा ठरवताना काय पाहायचं? मातीत बांधलेल्या दगडी भिंती पाणी चढताना कमी कोसळतात, उतरल्यावर जास्त. भिजून मऊ झालेल्या दर्जांना (दगडांमधल्या सांध्यांना) बाहेरच्या पाण्याचा टेकू असतो, तो गेला आणि वर ऊन पडलं की भिंत फुगते आणि बसते. जोत्यापासून कमरेइतक्या उंचीवर पोट सुटलेली भिंत दिसली की ते घर पहिल्या पट्ट्यात. भिंत आळीत कोसळणार असेल तर आळीही.

पुलापेक्षा पुलाचा भराव जास्त फसवा. वर डांबर शाबूत आणि खालची माती वाहून गेलेली, असं बंधाऱ्यांच्या आणि लहान पुलांच्या दोन्ही टोकांना हमखास होतं. बाजूपट्टीत पहार ठोकून पाहिली आणि ती हाताच्या जोराने आत गेली, तर वरून मोटारसायकलसुद्धा सोडू नका. पहार मारणाऱ्याने स्वतः कडेला उभं राहायचं नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

डीपी पाण्यात होता का, तारा लोंबतात का, हे वायरमनने सांगायचं, सरपंचाने नव्हे. आणि डोंगराकडच्या गावांत, म्हणजे पाटण, जावळी, महाबळेश्वर, वाईचा पश्चिम भाग, शिराळ्याचा चांदोलीकडचा पट्टा, इथं घरांपेक्षा घरांच्या वरचा उतार पाहा. जमिनीला नवी भेग, तिरकी झालेली झाडं, जिथं कधी झरा नव्हता तिथून येणारं गढूळ पाणी. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं काय झालं ते या भागात कुणाला सांगायला नको. पाऊस थांबला म्हणून उतार थांबत नाही.

तपासणी : हद्दीची प्रत्येक बाजू अनोळखी माणसाला दाखवता येईल अशी लिहिली आहे का? 'मारुतीच्या देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, दोन्ही बाजूंची घरं' ही हद्द. 'पूरग्रस्त भाग' ही हद्द नव्हे.

## टप्पा २ : कारणाचा कागद

आदेशाचा जीव यात असतो आणि नेमका हाच कागद फाइलला नसतो. लांबलचक अहवाल नको. कनिष्ठ अभियंत्याच्या सहीचं एक पान पुरे: काय पाहिलं, कुठे, किती वाजता, धोका कसला, आणि तो दूर व्हायला काय करावं लागेल. शेवटचा मुद्दा विसरला जातो. 'भराव धोकादायक' एवढ्यावर थांबू नका. 'भरावात मुरूम-दगड भरून रोलिंग होईपर्यंत धोका' असं लिहिलं की बंदी कधी उठवायची हे आपोआप ठरून जातं.

दरडीच्या जागी अभियंत्याचं पान तात्पुरतं धरा आणि भूवैज्ञानिक पाहणीची मागणी त्याच दिवशी तहसीलदारांमार्फत वर पाठवा. उतार पुन्हा राहण्याजोगा आहे की नाही, हे ठरवायचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासारख्या यंत्रणेचं. आपण फक्त तोवर माणसं बाहेर ठेवायची.

फोटो काढताना चौकटीत एखादी ओळखीची खूण येऊ द्या. नुसता चिखल कुठल्याही गावचा असतो.

## टप्पा ३ : कोण बंद करू शकतं

आता कलम. चार-पाच दारं आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या माणसाकडे आहे.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५, कलम ३४. आपत्तीनंतरच्या प्रवेशबंदीला हेच सर्वांत नेमकं कलम आहे. बाधित किंवा धोक्यातल्या क्षेत्रात येणारी-जाणारी वाहनं नियंत्रित करणं, माणसांचा प्रवेश, आतलं फिरणं आणि बाहेर पडणं नियंत्रित करणं, ढिगारा काढणं, धोकादायक बांधकाम पाडणं, हे सगळं त्यात आहे. अधिकार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा, म्हणजे व्यवहारात अध्यक्ष असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांचा. तातडीच्या वेळी अध्यक्ष एकट्याच्या सहीने आदेश काढू शकतात, पण कलम २६ नुसार त्याला नंतर प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. ही कार्योत्तर मान्यता राहून जाते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो विषय गेला का, हे लिपिकाने त्याच दिवशी पाहावं.

लोक विचारतात, पूर तर गेला, मग आता हे कलम चालतं का? चालतं. या कायद्याच्या व्याख्येत आपत्ती व्यवस्थापन म्हणजे पुनर्वसन आणि पुनर्बांधणीही येते. मात्र 'पूर आला होता' हे कारण आता पुरत नाही. धोका आज काय आहे ते लिहावं लागतं. टप्पा २ चं पान त्यासाठीच.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १६३. जुनं १४४. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू आहे, तरी अजून 'कलम १४४ लागू' असे फलक दिसतात. ते बदला. हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे आपले प्रांत, आणि शासनाने खास अधिकार दिलेले इतर कार्यकारी दंडाधिकारी यांना आहे. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असले तरी 'खास अधिकार' दिल्याची अधिसूचना पाहिल्याशिवाय त्यांच्या सहीने हा आदेश काढू नये. मुदत जास्तीत जास्त दोन महिने. त्यापुढे वाढवणं फक्त राज्य शासनाच्या हातात, तेही सहा महिन्यांपर्यंत. पूर बघायला पुलावर होणारी गर्दी, धबधब्यावरची झुंबड, अशा ठिकाणी हे कलम बरोबर बसतं. माणसाला त्याच्याच घरापासून महिनाभर दूर ठेवायला मी ते वापरणार नाही. त्यासाठी कलम ३४ आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम ११५. फक्त वाहनं थांबवायची असतील तर हे. पूल पायी जाण्याजोगा आहे पण ऊसाची ट्रॉली नको, किंवा घाटात जड वाहनं नकोत, अशा वेळी सगळी वाट बंद करायचं कारणच नाही. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. केळघर, यवतेश्वर, आंबेनळी अशा घाटांत दरड काढण्याचं काम चालू असताना या कलमाखाली वेळा ठरवून देता येतात.

धोकादायक इमारत. सांगली, मिरज, कुपवाड महापालिका हद्दीत आयुक्त महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ आणि २६८ खाली पडाऊ इमारत उतरवायला किंवा रिकामी करायला सांगू शकतात. साताऱ्या-कराडसारख्या नगरपालिकांना नगरपरिषद अधिनियमाचं कलम १९५ आहे. गावात असं घर असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली दंडाधिकाऱ्यांकडे प्रकरण जातं. एका घराचा प्रश्न असेल तर अख्ख्या आळीवर बंदी घालू नका. नोटीस त्या घराला द्या.

पोलिसांचं काय? समोर धोका दिसत असेल तर ते वाट तेवढ्यापुरती थांबवतात आणि थांबवलीच पाहिजे. पण ते तासांचं काम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी तिथंच असेल तर तिच्यामागे आदेश हवा.

इशारा : एकाच आदेशात तीन कायद्यांची कलमं एकत्र टाकू नका. 'कोणतं तरी लागेलच' या हिशेबाने केलेला आदेश पुढे कुणालाच सांभाळता येत नाही, कारण प्रत्येकाची मुदत वेगळी, सही वेगळी, शिक्षा वेगळी.

## टप्पा ४ : मसुदा

मागणीपत्र ग्रामपंचायतीचं, मसुदा तहसील कार्यालयाचा, सही वर. या साखळीत वेळ जातो म्हणून मागणीपत्रासोबत हद्द आणि कारणाचं पान जोडूनच पाठवा. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढंच लिहिलेलं पत्र हमखास त्रुटीसाठी परत येतं.

आदेशाचा गाभा साधारण असा असावा:

"ज्याअर्थी, कनिष्ठ अभियंता यांनी दिनांक … रोजी सकाळी … वाजता केलेल्या पाहणीत मारुती मंदिर ते पाण्याची टाकी या रस्त्यालगतच्या घर क्रमांक … ते … यांच्या भिंती कोसळण्याच्या स्थितीत आढळल्या असून तेथे प्रवेश करणाऱ्यांच्या जीवितास धोका आहे, त्याअर्थी, मी … कलम ३४ अन्वये सदर हद्दीत खालील अपवाद वगळता सर्व व्यक्ती व वाहनांच्या प्रवेशास दिनांक … रोजी … वाजल्यापासून दिनांक … रोजी … वाजेपर्यंत मनाई करीत आहे. या आदेशाचा दर … दिवसांनी आढावा घेण्यात येईल."

यात हद्द आहे, कारण आहे, सुरुवात आहे, शेवट आहे. अपवाद आणि आढावा आहे. त्याखाली पास कोण देणार, तक्रार कुणाकडे करायची आणि मोडल्यास कुठल्या कलमाखाली कारवाई, या तीन ओळी आल्या की आदेश पुरा झाला. कारण न लिहिता, प्रसिद्ध न करता किंवा गरजेपेक्षा मोठे आदेश काढू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात जुन्या १४४ बद्दल स्पष्ट सांगितलं आहे. मुदत संपली की तोच आदेश नवी तारीख टाकून पुन्हा काढायचा, ही सवयही त्यात बसत नाही.

आता माझी चूक. एका लहान पुलाच्या आदेशात मी 'पुढील आदेशापर्यंत' लिहिलं. तेव्हा ते सोयीचं वाटलं, सगळेच लिहायचे. आठवड्याभरात भराव भरून झाला, अभियंत्याने फोनवर 'आता हरकत नाही' असं सांगितलं, आणि पुढचा आदेश काढायचा कुणालाच सुचलं नाही. दुधाची गाडी जवळजवळ तीन आठवडे लांबच्या पुलावरून फिरत राहिली. एका गवळ्याने कार्यालयात येऊन शांतपणे विचारलं, "साहेब, पूल पडलाय का तुम्ही?" त्यानंतर 'पुढील आदेशापर्यंत' या दोन शब्दांना मी हात लावला नाही.

## टप्पा ५ : कुणाला सोडायचं

बंदी टिकते की मोडते ते अपवादांवर. सगळ्यांना अडवलं की लोक मागच्या वाटा शोधतात, आणि मागच्या वाटाच जास्त धोक्याच्या असतात.

पहिला विचार जनावरांचा करा. आत गोठ्यात म्हैस बांधलेली असेल तर कुठलाही शेतकरी दोरीपाशी थांबणार नाही आणि त्याने थांबावं अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळेला तासाभराची मुभा, किंवा सरळ जनावरं छावणीत हलवण्याची सोय, दोन्हीपैकी एक आदेश निघायच्या आत ठरलेलं असावं. मग औषधं, शाळेचे दाखले, सातबारा-बँकेची कागदं, दागिने. त्यासाठी घरटी एक माणूस, डोक्याला हेल्मेट, सोबत एक स्वयंसेवक, वीस मिनिटं, असं ठरवून नंबर लावा. पहिल्या पट्ट्यातल्या घरात तेही नाही. तिथल्या वस्तू बचाव पथकाने काढायच्या आणि यादी करून सही घेऊन द्यायच्या.

पंचनाम्याचं पथक अपवादात लिहायला विसरू नका. बंदीमुळे तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक आत जाऊ शकले नाहीत आणि पंचनामा लांबला, तर मदतही लांबते. घरमालक हजर असायला हवा, म्हणजे पथकासोबत त्यालाही पास. ढिगारा उचलायच्या आधी पंचनामा झालाच पाहिजे. जेसीबी एकदा फिरला की भिंत किती पडली होती हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.

बाकी अपवाद पटकन: रुग्णवाहिका, अग्निशमन, महावितरण, पाणीपुरवठा, आरोग्य कर्मचारी, पशुवैद्यक, अंत्यविधी. स्मशानाची वाट बंद पट्ट्यातून जात असेल तर पर्यायी जागा आधीच ठरवा, प्रसंग आल्यावर नको.

मदत घेऊन येणारी मंडळं आणि संस्था हा अवघड भाग. प्रत्येक टेम्पो आत सोडला तर अरुंद गल्लीत कोंडी होते आणि एकाच आळीला चार-चार वेळा चादरी मिळतात. सामान गावाबाहेरच्या शाळेत किंवा समाजमंदिरात उतरवून घ्या, नोंद करा, आत पोचवायला गावचीच पोरं ठेवा. आणि मदत देताना जात, समुदाय, वंश, धर्म, लिंग पाहून भेद करायला आपत्ती कायद्याचं कलम ६१ मनाई करतं; पास देतानाही तेच पाळा. वस्ती गावाबाहेर आहे म्हणून तिचा नंबर शेवटी लागतो, हे मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिलंय.

तपासणी : पासावर नाव, घर क्रमांक, तारीख, वेळ, पट्टा आणि सही आहे का? कोरे सही केलेले पास कुणाच्या खिशात नाहीत ना?

## टप्पा ६ : प्रसिद्धी

आदेश व्हॉट्सअॅपवर फिरला म्हणजे प्रसिद्ध झाला असं नाही. प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर, चावडीवर, आणि प्रत्यक्ष हद्दीच्या प्रत्येक तोंडाशी लावा. प्लास्टिकमध्ये घालून, कारण पाऊस अजून गेलेला नसतो. कोतवालाकडून दवंडी, देवळाच्या किंवा मशिदीच्या भोंग्यावरून सूचना, आणि निवारा छावणीत वाचून दाखवणं. ज्यांच्या घरांवर बंदी आहे ती माणसं गावात नसतातच, छावणीत असतात, आणि फलक लागतो रिकाम्या आळीत. हे दरवेळी होतं.

फलकावर चार गोष्टी मोठ्या अक्षरांत: कुठून कुठे बंद, कधीपर्यंत, पास कुठे मिळेल, पर्यायी रस्ता कोणता. कलम खाली बारीक. रस्ता बंद असेल तर फलक बंद जागेपाशी नव्हे, शेवटच्या फाट्यावर लावायचा. पुलापाशी येऊन ट्रॅक्टर-ट्रॉली मागे घेताना काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला हे पटेल. एस.टी. आगाराला आणि शाळेला वेगळी प्रत द्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांकही फलकावर टाका.

इशारा : आदेश निघायच्या आधी 'पूल वाहून गेला' असले संदेश फिरवून लोकांना थांबवू नका. खोटा इशारा पसरवणं हा आपत्ती कायद्याच्या कलम ५४ खाली गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी.

## टप्पा ७ : नाक्यावर

नाक्यावर एक पोलीस किंवा होमगार्ड आणि एक गावचा माणूस, असे दोघं हवेत. बाहेरचा माणूस कायदा सांभाळतो, गावचा माणूस ओळख. दोघांजवळ आदेशाची प्रत, हद्दीचा नकाशा आणि एक वही. वहीत नाव, आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ. संध्याकाळी नाका उठवायच्या आधी आत गेलेले सगळे बाहेर आले का, हे वहीवरूनच कळतं. ही वही म्हणजे उपचार समजून कुणी रिकामी ठेवू नये.

बोलणं असं असावं: "काका, पुढची आळी शनिवारी संध्याकाळपर्यंत बंद आहे, हा बघा कागद. तुमचं घर दुसऱ्या पट्ट्यात येतं. शाळेत ग्रामसेवक बसलेत, त्यांच्याकडून पास घ्या, चारच्या फेरीत नेऊ तुम्हाला." 'वरून ऑर्डर आहे' हे वाक्य नाक्यावरून हद्दपार करा. ते ऐकलं की कागद नाही हे समोरच्याला लगेच कळतं.

कुणी ऐकलंच नाही तर? आपत्ती कायद्याच्या कलम ५१ खाली निर्देश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा जिवाला तातडीचा धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत. कलम १६३ चा आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३, म्हणजे जुनं १८८. दोन्हीकडे एक अडचण सारखीच आहे आणि तिथंच प्रकरणं पडतात. कलम २२३ च्या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घ्यायला संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी फिर्याद लागते. आपत्ती कायद्याखालीही कलम ६० नुसार प्राधिकरणाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची फिर्याद लागते. नुसता पोलिसांचा अहवाल पुरत नाही. तेव्हा फिर्याद कोण देणार ते आदेशातच नेमून ठेवा. आणि घर बघायला धडपडणाऱ्या माणसावर पहिला गुन्हा दाखल करून सुरुवात करू नका. दोरी ओलांडून पुलाच्या कठड्यावर फोटो काढणारे दोघं-तिघं पुष्कळ मिळतात.

## टप्पा ८ : आढावा, हरकत आणि बंदी उठवणं

आढाव्याच्या दिवशी तेच चौघं पुन्हा फिरतात. प्रत्येक पट्ट्यासाठी एकच प्रश्न: टप्पा २ च्या पानावर लिहिलेला धोका अजून आहे का? भिंत उतरवली, डीपी तपासला, भराव भरला, तर तो तुकडा त्याच दिवशी खुला करा. सगळं गाव एकदम उघडायची वाट पाहू नका. हद्द लहान करत नेणं हे बंदी चालवणाऱ्याचं खरं काम आहे.

ज्याला आदेश चुकीचा वाटतो त्याने काय करावं? आधी प्रत मागा. मिळाली नाही तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. कलम १६३ चा आदेश असेल तर बदल किंवा रद्द करण्यासाठी त्याच दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्यांनी लवकर म्हणणं ऐकून घ्यायचं असतं, आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी द्यायची असतात. आपत्ती कायद्याखालच्या आदेशाविरुद्ध तालुक्याच्या न्यायालयात जाऊन उपयोग नाही. कलम ७१ नुसार तो अधिकार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयालाच आहे. म्हणून तिथं आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी म्हणणं द्यावं, अर्जात नेमकी मागणी लिहावी. 'बंदी उठवा' यापेक्षा 'घर क्रमांक अमुक हे दुसऱ्या पट्ट्यात घ्या, सोबत अभियंत्याचा दाखला जोडला आहे' हा अर्ज लवकर निकाली निघतो.

मुदत संपली की आदेश आपोआप संपतो, पण दोरी आपोआप सुटत नाही. म्हणून उठवतानाही कागद करा: अभियंत्याचं दुसरं पान, खुला केल्याचा आदेश, आणि तीच प्रसिद्धी जी बंद करताना केली होती. एस.टी. आगाराला आणि शाळेला पुन्हा प्रत. गुगलच्या नकाशावर रस्ता बंद दाखवला असेल तर तेही कुणाला तरी दुरुस्त करायला सांगा, नाहीतर बाहेरगावची वाहनं महिनाभर वळसा घालत राहतात. नाक्याची वही तहसीलला जमा करा, उरलेले कोरे पास फाडून टाका.

फलक उतरवताना त्यावरची तारीख आणि मागचा रस्ता दोन्ही दिसतील असा एक फोटो काढा आणि तो फाइलला लावा.